भांडी धुण्याचे जुने यंत्र : शौक की सौदा?

अमेरिकेत काही लोकांना एक शौक आहे. घर १९५० च्या दशकातले असेल तर स्वयंपाकघरही त्याच जमान्याचे ठेवायचे. पत्र्याची गुलाबी नाहीतर फिरोजी कपाटे, तशीच शेगडी आणि त्याच काळातला डिशवॉशर, म्हणजे भांडी धुण्याचे यंत्र. कोणी ते शोभेला ठेवतो, कोणी रोज त्यात भांडी धुतो. आमचे व्यापारी व कारीगर बांधव विचारतील, याच्याशी आपले काय देणेघेणे? आमच्या मते आहे. जुने यंत्र कोणाच्या जिवावर चालते, हा यातला खरा प्रश्न आहे आणि तो जुने माग चालवणाऱ्यालाही चुकलेला नाही.

या यंत्राचा जन्मच मुळी धंद्यातून झाला. इलिनॉय राज्यातल्या जोसेफिन कॉक्रेन या बाईचा नवरा १८८३ मध्ये वारला आणि मागे कर्ज ठेवून गेला. बाईने जॉर्ज बटर्स नावाच्या मेकॅनिकला हाताशी धरून यंत्र बनवले आणि १८८६ मध्ये पेटंट घेतले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ते गाजले. पण गिऱ्हाईक मिळाले ते हॉटेलांचे. घरोघरी तेव्हा इतके गरम पाणीच नव्हते. बाईने गिऱ्हाईक ओळखले, हट्ट धरला नाही. पुढे १९२६ मध्ये होबार्ट कंपनीने तो कारखाना घेतला आणि १९४९ मध्ये किचनएड नावाने घरगुती यंत्र बाजारात आणले. हॉटेलांना यंत्रे पुरवणाऱ्यांच्या हातचा माल, त्यामुळे लोखंडात कंजूषी नव्हती. म्हणून त्या जुन्या किचनएडचे नाव शौकीन लोक आजही आदराने घेतात.

जुन्या यंत्राचे पोट उघडून पाहिले तर त्यात लपवाछपवी नाही. एक छोटी मोटर चकती फिरवते, ती चकती एकामागून एक खटके दाबते. एका खटक्याने पाणी भरते, दुसऱ्याने पंप चालतो, तिसऱ्याने पाणी बाहेर जाते. बिघाड कुठे आहे ते हुशार जॉबर आवाजावरून सांगेल. नव्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक पाटी असते. ती गेली की दुरुस्ती नाही, दुसरी पाटी आणा. ती मिळत नसेल तर चांगले यंत्र भंगारात द्या.

तरीही जुने ते सगळे सोने, असे आम्ही म्हणणार नाही. दाराचे रबर कडक होते आणि पाणी गळते. पंपाचे सील गेले तर पाणी थेट मोटरवर. भांड्यांच्या जाळीवरचा प्लास्टिकचा थर सोलून खाली गंज चढतो. जुन्या घरांत वायरिंगला अर्थिंग नसते, तिथे पाण्याचे यंत्र जोडणे म्हणजे जिवाशी खेळ. यंत्र स्वस्तात मिळते आणि दुरुस्तीत खिसा रिकामा होतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

पाण्याचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. जुने यंत्र एका फेरीत १० ते १५ गॅलन, म्हणजे ४० ते ५५ लिटर पाणी पिते. अमेरिकेत २०१३ पासून साधारण आकाराच्या नव्या यंत्राला ५ गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची मर्यादा घातली गेली.

साबणाचीही गोष्ट आहे. पूर्वीच्या पावडरीत फॉस्फेट भरपूर असे. त्याने तळ्यांत शेवाळ माजते म्हणून २०१० मध्ये तिथल्या अनेक राज्यांनी ते जवळजवळ बंद केले. आताच्या पावडरीतली एन्झाइमे सावकाश काम करतात. जुने यंत्र मात्र काही मिनिटांतच पाणी ओतून नवे भरते, मग एन्झाइमांना सवड कुठली? भांड्यांवर पांढरा थर राहतो. त्यातून गीझर कमी तापमानावर असेल तर विचारायलाच नको, कारण ही यंत्रे ६० अंशांच्या आसपासचे पाणी गृहीत धरून बनलेली. आधी नळ सोडून पाणी कढत येऊ द्यावे आणि मगच यंत्र चालू करावे, हा जाणत्यांचा उपाय खरा आहे. काही जण फॉस्फेट वेगळे आणून मिसळतात. ते आम्हाला पटत नाही. आपल्या काचेच्या ग्लासाच्या चकाकीसाठी गावाचे तळे का बिघडवावे?

म्हणून आमचे मत असे, की जुने यंत्र जरूर वापरावे, पण घेण्याआधी रंग पाहू नये, सुट्या भागांची चौकशी करावी. पैसा आहे तो तिथेच. बंद पडलेली चार यंत्रे घेऊन त्यांच्या भागांतून एक चालते करणारा कारीगर विकणाऱ्यापेक्षा मोठा. नव्या मालातही आता कायद्याला हेच सांगावे लागते आहे. युरोपात मार्च २०२१ पासून डिशवॉशरचे भाग ७ ते १० वर्षे पुरवणे कंपन्यांवर बंधनकारक झाले, कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून तसाच कायदा लागू झाला. ज्या दुरुस्तीवाल्याला बाजार कालपर्यंत किरकोळ समजत होता, त्याच्यासाठी सरकारांना कलमे लिहावी लागली.

आपल्याकडे २०२० च्या लॉकडाउनमध्ये शहरांत डिशवॉशरला मागणी वाढली, ती नव्या मालाला. जुने अमेरिकन यंत्र इथे आणण्याचा विचार कोणी करत असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० सायकल; आपली २३० व्होल्ट, ५० सायकल. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, सायकल बदलत नाही. मोटर जास्त तापते, पंपाचा जोर कमी पडतो आणि चकतीची मोटर मंदावून ६० मिनिटांची फेरी ७२ मिनिटांवर जाते. सिनेमाच्या सेटसाठी कोणी मागितले तर खुशाल विकावे. घरात वापरायला मागितले तर ही ७२ मिनिटे बिल फाडण्याआधी सांगावीत.