ऐकून घेतले, पुढे काय?

जून १९९०. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या विधानसभेत आदिवासी आमदार एलायजा हार्पर गरुडाचे पीस हातात धरून बसले होते. पंतप्रधान ब्रायन मलरोनी आणि दहा प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांनी १९८७ मध्ये बंद दाराआड ठरवलेल्या मीच लेक कराराला २३ जूनपर्यंत सर्व विधानसभांची मंजुरी हवी होती. फ्रेंच भाषक क्यूबेकचे वेगळेपण राज्यघटनेत मान्य करणारा हा करार. त्याच्या वाटाघाटींना मूळनिवासींना कोणी बोलावलेच नव्हते. वेळ कमी उरला होता आणि नियम बाजूला ठेवून चर्चा घ्यायला प्रत्येक आमदाराची संमती लागत होती. हार्पर ‘नाही’ म्हणाले आणि दिवसेंदिवस तेच म्हणत राहिले. न्यूफाउंडलंडनेही मतदान टाळले. करार बारगळला.

त्याच उन्हाळ्यात क्यूबेकमधल्या ओका गावी गोल्फचे मैदान वाढवण्यावरून मोहॉक लोक आणि सरकार ७८ दिवस एकमेकांसमोर ठाकले. देश एकत्र राहतो की नाही, अशी धास्ती पसरली.

नोव्हेंबरात सरकारने कीथ स्पायसर यांच्या अध्यक्षतेखाली नागरिक मंच नेमला. त्याने टोल-फ्री नंबर दिला, गटचर्चांसाठी साहित्य वाटले आणि गावोगावी लोकांना बोलते केले. सुमारे चार लाख नागरिक आणि तीन लाख शाळकरी मुले त्यात सामील झाली. लोकशाहीत इतक्या माणसांनी देशाबद्दल एकमेकांशी बोलावे, ही मोठीच गोष्ट. जून १९९१ चा अहवालही मिळमिळीत नव्हता. क्यूबेक सोबत राहावा, पण कोणत्याही प्रांताला झुकते माप नको. मूळनिवासींना स्वशासन द्यावे. पुढाऱ्यांवर भरवसा उरलेला नाही, असे लोकांनी सांगितले होते. पंतप्रधानांविरुद्ध देशभर संताप आहे, हेही स्पायसर यांनी त्याच पंतप्रधानांच्या सरकारला लिहून दिले. याला धैर्य लागते.

क्यूबेकमधून मात्र प्रतिसाद फिका होता. तो प्रांत बेलांजे-कँपो या स्वतःच्या आयोगापुढे आपले भवितव्य मांडत होता. म्हणजे भांडण ज्या दोघांचे, ते दोघेही बोलत होते, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

आणि मंचाने जे ऐकले त्याला उत्तर देण्याचे बंधन सरकारवर नव्हते. मूळनिवासींच्या नेत्यांना पुढच्या वाटाघाटींत जागा मिळाली, एवढा बदल खरा. पण मसुदा पुन्हा नेत्यांनीच ठरवला आणि तयार झाल्यावर लोकांपुढे ठेवला. ऑक्टोबर १९९२ च्या सार्वमतात तो शार्लटटाउन करार ५४ टक्के मतांनी फेटाळला गेला.

महाराष्ट्राने हे अनुभवले आहे. फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाकडे दीड लाखावर निवेदने आली, त्याने नऊ हजारांहून अधिक लोकांच्या भेटी घेतल्या. १९५५ मध्ये अहवाल आला तेव्हा त्यात द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ होता. संयुक्त महाराष्ट्र नव्हता. तो मिळायला १ मे १९६० उजाडावे लागले, आणि त्याआधी शंभरावर माणसे प्राणाला मुकली. याउलट १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात प्रश्न स्वच्छ होता: महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरले. महाराष्ट्रात अनेकांना ते फार लागले, पण निकाल पाळला गेला.

क्यूबेकच्या १९९५ च्या सार्वमतात हा स्वच्छपणा नव्हता. सार्वभौम होण्याचा प्रश्न उर्वरित कॅनडाशी भागीदारीच्या प्रस्तावात गुंडाळून विचारला गेला, आणि देश ५४,२८८ मतांनी वाचला. त्यानंतर ऑगस्ट १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, क्यूबेकला एकतर्फी फुटून निघता येणार नाही. पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने होकार मिळाला, तर बाकीच्या कॅनडाला वाटाघाटींना बसावेच लागेल. जनतेला प्रश्न विचारल्यावर कोणावर कोणती जबाबदारी येते, हे तेव्हा ठरले. स्पायसर मंच नेमतानाच सरकारने अशी जबाबदारी स्वतःवर घ्यायला हवी होती: अहवालातल्या प्रत्येक मुख्य मागणीवर संसदेत ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर, आणि नकार असेल तर त्याचे कारण.