अ‍ॅव्हरेज किती देते?

हॉस्टेलच्या गेटवर कोणतीही गाडी थांबली की आपला पहिला प्रश्न ठरलेला. आमची बाहा स्पर्धेची बग्गी पुण्याहून पिथमपूरला न्यायला भाड्याची पिकअप आली, तेव्हा मीही तोच विचारला. ड्रायव्हरकाका म्हणाले, "रिकामी चौदा. भरून देईल ती."

मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटलं. रिकामी पिकअप १४ देते म्हणजे मालाच्या हिशोबाने शून्य! दीड टन घालून १० दिले, तर लिटरमागे १५ टन-किलोमीटर काम झालं. विचारायचं असेल तर हे विचारा. आणि रस्ता कोणता, तेही विचारा. खोपोली ते लोणावळा चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. एक टन वर न्यायला ५४ लाख ज्यूल लागतात. लिटरभर डिझेलमध्ये साधारण ३.६ कोटी ज्यूल असतात, पण चाकापर्यंत पोचतो जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणजे टनामागे अर्ध्या लिटरच्या आसपास डिझेल नुसतं उंची गाठण्यात जातं. कंपनीच्या पत्रकात हा घाट कुठेच नसतो.

आमच्यातल्या एका हुशाराने तर पिकअपमागे ट्रेलर टोचन करू, असं सुचवलं. अमेरिकेत करतातच की! करतात, पण तिथेही गाडीवरच्या लेबलवरचं मायलेज ट्रेलर न जोडता मोजलेलं असतं. ओढण्याच्या क्षमतेचे आकडे तर पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढायची. आपली बाहा ज्या एसएईच्या नावाने चालते, त्याच संस्थेने २००८ मध्ये यासाठी जे२८०७ हे मानक काढलं. अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ, सुमारे १८ किलोमीटर, एसी फुल्ल, आणि वेग ताशी ६४ च्या खाली यायला नको. शिवाय १२ टक्के उतारावर हँडब्रेकने ट्रेलरसकट उभं राहायचं. टोयोटाने हे सर्वांत आधी स्वीकारलं, आणि टुंड्राचा जाहीर आकडा खाली आला. बाकीच्यांनी आणखी काही वर्षं घेतली. का, ते सांगायला नको.

पण खरी गोष्ट परतीच्या रात्रीची. माळव्याचं पठार सोडून नर्मदेकडे उतरताना काकांनी गाडी न्यूट्रल केली. "डिझेल वाचतं." मागे बग्गी, टूलबॉक्स, वेल्डिंग मशीन. थोड्या वेळाने ब्रेक लायनिंगचा जळका वास केबिनमध्ये यायला लागला. मला माहीत होतं की कॉमन रेल इंजिन गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्शन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगपुरतं डिझेल जळतच राहतं. म्हणजे वाचत काहीच नव्हतं, आणि इंजिनाचा ब्रेक गेला होता तो वेगळाच. हे मी परीक्षेत लिहिलंय. तिथे तोंडातून शब्द निघाला नाही. वयाने मोठा माणूस, त्यांचीच गाडी, मी काय सांगणार!

खाली ढाब्यावर चहा घेताना धीर करून सांगितलं. काका हसले. "पंचवीस वर्षं चालवतोय. तुझं पुस्तक मला दाखव."

पुस्तकाने ते मानणार नाहीत, आणि त्यांचं काय चुकलं? म्हणून आमच्या मेकॅनिकलच्या सरांना विनंती, की पुढच्या टर्मला लॅबमधल्या डिझेल इंजिनावर हे मोजून दाखवू द्या. गिअरमधलं किती, न्यूट्रलमधलं किती. काकांना बोलवायची जबाबदारी माझी.