चाकांवरची मोरी

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपला जुन्नर तर २०१८ पासून पर्यटन तालुका! अशा गाडीत जेमतेम तीन बाय तीन फुटांत कमोड, बेसिन, शॉवर बसवतात. स्वच्छ पाण्याची टाकी वेगळी, मैल्याची वेगळी. घरच्या मोरीएवढ्या जागेत सगळं काही!

मैत्रिणींनो, हौशी प्रवाशांसाठी जे जमतं, ते एसटीने जाणाऱ्या बाईसाठी का जमू नये? १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे. राजुरीहून आळेफाटा, तिथून पुणे नाहीतर नाशिक... बायका बिनधास्त निघतात. पण निघण्याआधी पाणी प्यायचं नाही, हा नियम काही सुटत नाही. लघवी तुंबवली की जंतुसंसर्ग होतो, हे ठाऊक असूनही!

जागा नाही, ही सबब चालणार नाही. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसगाड्यांमध्ये महिलांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहं उभी राहिली. अडतं ते रोजच्या देखभालीशी. पाणी कोण भरणार, मैल्याची टाकी कोण उपसणार, हे आधी ठरायला हवं. नाहीतर चार दिवसांत कुलूप! त्यासाठी माणूस नेमा, त्याला नीट पगार द्या. पाच रुपये द्यायला आपणही का-कू करू नये.

ग्रामसभेआधी महिलांची सभा असते. तिथे ठराव करून एसटीकडे पाठवू या. लाजेपायी किती दिवस तहानलेलं राहायचं?