शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांचा हिशेब

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथरची भूल देऊन जाहीररीत्या शस्त्रक्रिया करण्यात आली आणि शस्त्राच्या वेदनेवर मानवाने विजय मिळविला, असे वैद्यकाचा इतिहास सांगतो. परंतु तो विजय शस्त्रक्रियागृहापुरताच खरा आहे. भूल उतरून रुग्ण खाटेवर परतला की ‘थोडे सोसावेच लागते’ हा उपदेशच पुष्कळदा त्याच्या वाट्याला येतो.

हे सोसणे फुकटचे नसते. पोटावर टाके असलेला रुग्ण वेदनेच्या भयाने खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. त्यामुळे कफ साचून न्यूमोनियाचा धोका वाढतो. तो उठून चालत नाही. मग पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा संभव वाढतो. मुक्काम लांबला की रोजंदारीवर जगणाऱ्याची मजुरी बुडते आणि सोबतीला राहिलेल्या नातलगाचीही बुडते. हा खर्च रुग्णालयाच्या वहीत कोठेही दिसत नाही, तो त्या कुटुंबाच्या नावे पडतो.

उपाय महाग आहेत, असेही नाही. कळ असह्य होण्याची वाट न पाहता ठराविक वेळी पॅरासिटामॉल देणे, जखमेचा भाग बधिर करणारे इंजेक्शन देणे आणि गरज पडेल तेथे मॉर्फिन वापरणे, हे ज्ञात मार्ग आहेत. भारतात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात अफूची कायदेशीर शेती होते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिन रुग्णांना दुर्मीळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सुकर केली; मनातील धास्ती मात्र त्याने संपली नाही. अशा औषधांच्या बेसुमार वाटपातून अमेरिकेत व्यसनाची साथ पसरली, हे खरे. म्हणूनच मात्रा, मुदत आणि देखरेख यांचे बंधन हवे. औषधच नाकारणे हा त्यावरील उपाय नव्हे.

ताप व नाडी तक्त्यावर नोंदविली जाते, तशी वेदनाही शून्य ते दहा अंकांत नोंदविली जावी. रुग्णाला विचारून एक रकाना भरण्यास परिचारिकेला क्षणभर पुरेल. ज्याची नोंद नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही, हा प्रशासनाचा नित्याचा अनुभव आहे. निदान सरकारी रुग्णालयांनी तरी हा रकाना सक्तीचा करून प्रारंभ करावा. सहनशीलता हा सद्गुण खरा. पण टाके पडलेल्या माणसाकडून तो सक्तीने वसूल करण्याचे काहीच कारण नाही.