टाकी कोणाची, जीव कोणाचा?

जव्हार व मोखाडा येथील नवदीक्षित बंधुभगिनींपुढे आज आम्ही एक असा विषय मांडीत आहोत, की जो ऐकावयास किळसवाणा वाटेल. परंतु त्याचा संबंध माणसाच्या जीवाशी व प्रतिष्ठेशी आहे. हा विषय म्हणजे घरोघरच्या जुन्या संडासच्या टाक्यांचा, अर्थात सेप्टिक टँकचा.

टाकी जुनी होते म्हणजे काय होते? विटांचे सांधे सुटतात, गिलावा गळतो, झाकणाची लादी खचते. ज्या टाकीच्या तळाला मुळातच काँक्रीट घातलेले नाही, ती तर टाकीच नव्हे, तो खड्डा होय. आपला मुलूख डोंगराचा, धो धो पावसाचा. कातळावरची माती पातळ. म्हणून गळक्या टाकीतील मैलापाणी खडकाच्या भेगांतून विहिरीपर्यंत पोहोचावयास वेळ लागत नाही. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, त्याचे पाणी मुंबई पिते. आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवरील माताभगिनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा ठिकाणी हाताशी असलेली विहीर नासू देणे हा आत्मघात आहे. चवदार तळ्याच्या पाण्यावर १९२७ साली आपला हक्क सांगितला गेला. पाणी पिण्याजोगे राखणे हे त्याच हक्काचे पुढचे पाऊल आहे.

तेव्हा जुन्या टाक्या बदलल्याच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. खरा प्रश्न पुढेच आहे. त्या बदलण्यापूर्वी उपसावयाच्या कोणी?

कायदा याविषयी मुग्ध नाही. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी अंमलात आला. त्याच्या कलम ७ प्रमाणे कोणाही व्यक्तीस, स्थानिक संस्थेस अथवा ठेकेदारास सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्षपणे कामास लावता येत नाही. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. ‘कोणाही व्यक्तीस’ या शब्दांकडे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. त्यात घरमालक आला, गृहनिर्माण संस्था आली, आणि तुम्ही-आम्हीही आलो.

तरीही माणसे मरतच आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत तीन कामगार मृत्यू पावले. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येकाच्या वारसास दहा लाख रुपये देण्याचा हुकूम केला. एप्रिल २०२४ मध्ये आपल्याच पालघर जिल्ह्यात, विरार येथे, एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चार कामगार गेले. बंद टाकीत विषारी वायू साचतो, प्राणवायू उरत नाही. पहिला माणूस कोसळतो आणि त्याला वाचवावयास उतरलेला दुसराही कोसळतो. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली, हे योग्यच झाले. परंतु भरपाईने बाप परत येत नाही.

आता एक कटू गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. गावकीची लादलेली कामे आम्ही टाकली, ‘आम्ही टाकीत उतरणार नाही’ असे आम्ही अभिमानाने म्हणतो. उत्तम. परंतु पाचशे रुपयांच्या गरजेपोटी आलेल्या एखाद्या कातकरी वा वारली मजुरास आम्हीच आमच्या टाकीत उतरविले, तर आम्ही जातिव्यवस्था सोडली नाही. तिच्यात केवळ आमची पायरी बदलून घेतली. ज्याने समतेची दीक्षा घेतली, त्याच्या घरातील घाण उपसण्यासाठी दुसऱ्याचा जीव पणाला लागता कामा नये.

म्हणून काय करावे? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हे विषय नगरसंस्थांचे म्हणून सांगितले आहेत. तेव्हा जव्हार नगरपरिषद व मोखाडा नगरपंचायत यांच्याकडे लेखी मागणी करा. पहिली मागणी, प्रभागवार टाक्यांची नोंदवही : टाकी किती जुनी, तळ पक्का की कच्चा, विहीर किती अंतरावर, उपशाची गाडी दारापर्यंत पोहोचते की नाही. दुसरी, विहिरीलगतच्या व गळक्या टाक्या प्रथम, आणि काम पावसाळ्यापूर्वी. तिसरी, उपसा यंत्राने, आणि उपसलेला मैला ओढ्यात न ओतता प्रक्रियेसाठी नेण्याची सोय. चौथी, ज्यांना नवी टाकी परवडत नाही त्यांना अनुदान अथवा घरपट्टीबरोबर हप्ते. हे अशक्य आहे असे कोणी सांगू लागला, तर त्याला वाई व सिन्नर ही गावे दाखवा. तेथील नगरपरिषदांनी ठरावीक वर्षांच्या पाळीने घरोघरच्या टाक्या गाडीने उपसण्याची पद्धत सुरू करून दाखविली आहे.

घरमालकाचेही कर्तव्य आहे. टाकी दोन-तीन वर्षांतून एकदा गाडीनेच उपसून घ्यावी. नवी टाकी दोन कप्प्यांची, तळासह पक्की, वायुनळी असलेली आणि वरून नळी सोडता येईल अशा झाकणाची बांधावी. जुनी टाकी यंत्राने रिकामी करून मुरुमाने भरून टाकावी, उघडी ठेवू नये. आणि गवंडी वा ठेकेदार ‘एक माणूस उतरवू, तासाभराचे काम आहे’ असे म्हणाला, तर काम तेथेच थांबवावे.

अर्ज दोन प्रतींत करा, पोच घ्या, नोंदवही तयार झाली की नाही ते दर महिन्यास विचारा. कायदा पुस्तकात आहे. त्याला वस्तीत आणणे तुमच्या हाती आहे.