जैवविविधता समिती आणि वैद्यांचे दायित्व

वैद्य आणि औषधी निर्माते यांच्या बैठकांत जैवविविधता कायद्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : आपणांस काही भरावे लागणार काय? २०२३ च्या दुरुस्तीने या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी 'नाही' असे दिले. १ एप्रिल २०२४ पासून ती दुरुस्ती अमलात आली आणि आपल्या वर्गात समाधान पसरले. प्रस्तुत लेखकाच्या मते हे समाधान अपुऱ्या माहितीवर उभे आहे. कायद्याने आपणांस शुल्कातून सूट दिली. ज्या भूमीवर आपली द्रव्ये उगवतात त्या भूमीच्या चिंतेतून सूट देणे कोणत्याही कायद्याच्या हाती नाही.

जैविक विविधता अधिनियम २००२ मधील ४१ वे कलम आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले असेल. या कलमान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत सर्वांनी, आपल्या क्षेत्रात जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. अधिवासांचे रक्षण, वाणांचे व जातींचे जतन आणि त्यासंबंधीच्या ज्ञानाची नोंद ही तिची कामे. आपल्या क्षेत्रातून व्यापारी हेतूने वनस्पती गोळा करणाऱ्याकडून संग्रह शुल्क घेण्याचा अधिकारही तिला आहे. २००४ च्या केंद्रीय नियमांत या समितीवर आणखी एक काम सोपविलेले होते : जैविक द्रव्ये वापरणाऱ्या स्थानिक वैद्यांची माहिती ठेवणे. नियमकर्त्यांना गावातील वैद्याची आठवण होती. वैद्याला समितीची आठवण राहिली नाही.

महाराष्ट्रात अशा २८ हजारांहून अधिक समित्या कागदोपत्री अस्तित्वात आहेत. त्यांपैकी बहुसंख्य एकाच घाईत जन्मल्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही अखेरची मुदत घातली आणि त्यानंतर दरमहा १० लाख रुपयांची आकारणी होईल असे राज्यांना बजावले. मग जे व्हावयाचे तेच झाले. डॉ. माधव गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात लोकजैवविविधता नोंदवहीची कल्पना मांडली, तेव्हा गावकऱ्यांनी स्वतः रानात फिरून, वृद्धांना विचारून, वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत ती सिद्ध करावी असे अभिप्रेत होते. अनेक ठिकाणी ती काही आठवड्यांत, एका गावाची नक्कल दुसऱ्या गावासाठी करून तयार झाली. मावळातील अशी एक नोंदवही मी पाहिली आहे. वनौषधींच्या यादीत अश्वगंधेचे नाव होते, जी या अतिवृष्टीच्या डोंगरात रानटी उगवत नाही. आणि धायटीचे नाव नव्हते, जी त्याच गावाच्या मागील उतारावर दर फाल्गुनात लाल होऊन उभी असते. गावातील एकाही वैद्याने ती यादी पाहिली नसावी हे सांगावयास नको.

आमचा मळवली परिसर या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. स्टेशनावर उतरून द्रुतगती मार्गावरील पूल ओलांडला की भाजे गाव लागते; वर लेणी, त्यापलीकडे विसापूर आणि लोहगड. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गानंतर या पट्ट्यातील जमिनीचा भाव बदलला आणि भावाबरोबर जमिनीचे रूपही. उतार कापून सपाट केला जातो, करवीचे रान यंत्राने एका दिवसात उपटले जाते, आणि तेथे हिरवळ लावून त्याला 'निसर्गरम्य' म्हणतात. जे उरते त्यातील काही भाग उन्हाळ्यातील वणव्यात जातो. लोहगडाचा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला, ही अभिमानाची गोष्ट. परंतु त्यामुळे वाढणारी वाहने, वाहनतळ आणि उपाहारगृहे गडाखालच्या गावांच्याच जमिनीवर येणार आहेत. लेणी व गड पुरातत्त्व खात्याकडे, राखीव जंगल वनखात्याकडे, मालकीचे उतार ज्याच्या त्याच्या सात-बाऱ्यावर. या सर्वांच्या मध्ये वाढणाऱ्या कुड्याचा, मुरुडशेंगेचा, गुळवेलीचा विचार करणारे खाते कोणते? कायद्याने त्याचे उत्तर दिले आहे, ते म्हणजे ही गावची समिती. पण तिची सभा कित्येक गावांत वर्षानुवर्षे होत नाही.

तुलनेसाठी परदेशातील एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९५७ मध्ये कायदा करून नगरांना संवर्धन आयोग स्थापण्याची मुभा दिली. आयोगाचे सदस्य त्याच गावचे रहिवासी, बहुधा विनावेतन काम करणारे. हा आयोग नगरासाठी मोकळी जमीन संपादन करतो, तिची देखभाल करतो. आणि पुढे झालेल्या पाणथळ संरक्षण कायद्यामुळे ओढ्यालगत वा दलदलीलगत कोणासही बांधकाम करावयाचे असल्यास आधी या आयोगासमोर यावे लागते. तेथील समितीच्या हाती जमीन आहे, आमच्या समितीच्या हाती वही. आमच्या समितीला एखाद्या उतारावरील बांधकाम थांबविण्याचा अधिकार नाही, हे तिचे मोठे वैगुण्य मान्य केले पाहिजे. तथापि वहीसुद्धा अगदीच दुबळी नसते. राष्ट्रीय प्राधिकरण व राज्य मंडळ यांनी त्या क्षेत्रातील जैविक द्रव्यांच्या वापराबाबत निर्णय घेताना या समितीशी विचारविनिमय करावा असे ४१ वे कलमच सांगते. विशेष महत्त्वाचे क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून राज्य शासनास घोषित करता येते. पुण्यातील गणेशखिंड उद्यान २०२० मध्ये असे घोषित झाले. आमच्या तालुक्यात आजिवलीसारख्या ठिकाणी देवराया अजून उभ्या आहेत. देवाच्या भयाने जे राखले ते आता नोंदीच्या बळावर राखण्याची वेळ आली आहे, आणि नोंदच चुकीची असेल तर राखणार काय?

आता औषधी निर्मात्या बंधूंचा आक्षेप. ते म्हणतील, आम्ही काष्ठौषधी बाजारातून घेतो. व्यापारी मूळ गाव सांगत नाही. आमचा व्यवसाय लहान. यात तथ्य आहे. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात भारतीय कंपन्यांसही लाभवाटणीचे बंधन लागू असल्याचा निर्णय दिला, तेव्हा लहान फार्मसी चालकांत जी भीती पसरली ती निराधार नव्हती. स्वतःच्या रुग्णांसाठी काढे-चूर्णे करणाऱ्या वैद्याला मोठ्या कंपनीच्या मापाने मोजणे अन्यायाचेच झाले असते. म्हणून नोंदणीकृत वैद्यांना, ग्रंथोक्त ज्ञानाला आणि लागवडीच्या वनस्पतींना मिळालेली सूट मी चुकीची मानीत नाही. परंतु तिचा एक परिणाम आपण डोळ्यांआड करीत आहोत. शास्त्रोक्त योगांचा व्यापार कितीही मोठा असला तरी त्यातून रानाच्या गावाकडे परत जाणारा पैशाचा एक मार्ग आता आटला. समितीच्या स्थानिक निधीत येणार काय, तर मिळाले तर संग्रह शुल्क आणि शासनाकडून आले तर अनुदान. ज्या समितीला सभेच्या चहाचा खर्च परवडत नाही ती वणवा विझविणार कशी?

आणि यात आपला स्वार्थ काही लहान नाही. दशमुळांतील बृहत्पंचमूळ म्हणजे पाच वृक्ष. त्यांचे मूळ खणले की वृक्ष गेला. त्यामुळेच आज बाजारात दशमुळाच्या नावाने मुळाऐवजी खोडाची साल सर्रास येते, हे आपण सर्व जाणतो आणि पिशवी उघडून पाहण्याचे टाळतो. विडंगाच्या नावाने विडंगाची भावंडे येतात. कुड्याची साल खोडाभोवती पूर्ण वेढून काढली की झाड वाळते; एका बाजूची पट्टी काढली तर तेच झाड जगते व पुन्हा साल देते. बहुतेक आसव-अरिष्टांच्या संधानास धायटीची फुले लागतात. फुले ओरबाडण्यासाठी फांद्याच तोडल्या आणि बीज धरावयास एकही फूल झुडपावर ठेवले नाही, तर कोणती फार्मसी किती वर्षे अरिष्टे करील? या गोष्टी आपणांस माहीत आहेत, फुले वेचणाऱ्या बाईलाही माहीत आहेत. पण त्यांचा नियम करणारी जागा समिती आहे आणि तेथे आपण दोघेही नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आपण परीक्षेसाठी वायु, उदक, देश, काल या चार भावांपुरता पाठ केला. त्याच अध्यायात काम्पिल्यनगरीजवळ गंगातीरी आत्रेय अग्निवेशाला सांगतात की भूमी विरस होण्यापूर्वी, औषधींचे रसवीर्य नष्ट होण्यापूर्वी त्या काढून ठेव. वायूपेक्षा उदक, उदकापेक्षा देश आणि देशापेक्षा काल अधिक दुष्परिहार्य, असा क्रमही तेथे आहे. देश बिघडला की पुढचे उपाय अवघड होतात हे आचार्यांनी जाणले होते. आजचे वैद्य देशपरीक्षा रुग्णाच्या कागदावर 'आनूप' वा 'साधारण' असे लिहून आटोपतात. असो.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक वैद्याने आपल्या ग्रामपंचायतीत वा नगरपरिषदेत जाऊन नोंदवही मागावी. ती समितीने जपावयाची नोंद आहे. कोणाच्या कपाटातील खाजगी कागद नव्हे. वनौषधींची पाने स्वतः दुरुस्त करून द्यावीत : स्थानिक नाव, आढळाचे ठिकाण, फुलण्याचा महिना, पूर्वी किती होती आणि आज किती दिसते. २०२३ च्या दुरुस्तीनुसार समितीत सात ते अकरा माणसे असतात. त्यांत एका वैद्यासाठी आणि एका वेचणाऱ्या कातकरी वा ठाकर बाईसाठी जागा मागणे अवास्तव नाही. एखाद्या कुटुंबाचे पारंपरिक गुपित असेल तर ते मात्र वहीत उघडे करू नये, याची जबाबदारी वैद्यानेच घ्यावी.

फार्मसी चालकांनी खरेदीच्या पावतीवर द्रव्याच्या नावाशेजारी 'संग्रहाचे गाव' असा एक रकाना छापावा आणि तो भरल्याशिवाय माल घेऊ नये. आरंभी व्यापारी हसतील. तीन-चार मोठ्या फार्मसींनी एकदम मागणी केली की हसणे थांबेल. लागवडीच्या मालास कायद्यातील सूट हवी असेल तर उत्पत्तीचे प्रमाणपत्र याच समितीकडून घ्यावे लागते, तेव्हा तिच्या दारी आपणांस असेही जावे लागणारच आहे. रानातील मालाबाबत संग्रह शुल्क मागितले गेल्यास, कायद्याच्या बारीक अक्षरांत पळवाट शोधण्याऐवजी ते भरावे आणि पावती घ्यावी. आपल्या संघटनेने तालुकावार एक वैद्य नेमून दिला तर मावळचे काम मी पत्करण्यास तयार आहे.

ग्रामसभेपुढे हा विषय ठेवावयाचा तर २६ जानेवारीची सभा सोयीची. त्यानंतर थोड्याच दिवसांत धायटी फुलू लागते, वेचणारे रानात उतरतात आणि गवताला पहिली आगही त्याच सुमारास लागते.