अमरत्वाची अळिंबी आणि इतिहासाची अर्धी साक्ष

१/ ‘दोन हजार वर्षांची परंपरा!’ रेशी अळिंबीच्या अर्काची जाहिरात बहुधा या वाक्याने सुरू होते. इतिहासप्रेमींनो, या वाक्याची उलटतपासणी करणे आपले काम आहे. येथे इतिहासाला साक्षीदार म्हणून उभे केले जाते, पण त्याची साक्ष अर्धीच ऐकवली जाते.

२/ ती अर्धी साक्ष खरी आहे. रेशी हे जपानी नाव. चीनमध्ये तिला लिंगझी म्हणतात. ‘शेन्नोंग बेन्त्साओ जिंग’ या प्राचीन चिनी औषधिग्रंथात सहा रंगांच्या ‘झी’ श्रेष्ठ वर्गात गणल्या असून, त्यांच्या सेवनाने आयुष्य वाढते असे म्हटले आहे. जाहिरात येथेच थांबते. इतिहास थांबत नाही.

३/ मिंग सम्राट ज्याजिंग अमरत्वाच्या मागे लागला. वांग जिन नावाच्या इसमाने पंचरंगी झी उगवून त्याला अर्पण केली. १५६७ मध्ये, वयाच्या ५९व्या वर्षी सम्राट वारला.

४/ ही हातचलाखी नोंदवली ती थोर चिनी वैद्य ली शिझेन याने, १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बेन्त्साओ गांगमू’ या ग्रंथात. ओलसर जागी लाकडे रचून त्यांवर औषधी लेप दिला की झी उगवते, असे तो सांगतो. कुजक्या लाकडावरील ही वाढ त्याला माणसाच्या अंगावरील आवाळूसारखी वाटते. ती खाऊन अमर होता येते ही समजूत तो साफ धुडकावतो. म्हणजे संशय हाही त्याच परंपरेचा वारसा आहे.

५/ ‘जपानने तर अळिंबीपासून औषध बनवले!’ हा आक्षेप रास्त आहे. १९७७ मध्ये तेथे ‘क्रेस्टिन’ला मान्यता मिळाली. परंतु ते रेशीपासून नव्हे, वेगळ्याच अळिंबीपासून बनले होते; आणि कर्करोगाच्या मुख्य उपचारांच्या जोडीला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाई. दुकानातील कॅप्सूलला ते प्रमाणपत्र लागू होत नाही.

६/ मग रेशीचे काय? कर्करोगावरील तिच्या उपयोगाविषयी कॉक्रेनच्या समीक्षेला अवघ्या ५ चाचण्या व ३७३ रुग्ण सापडले. मुख्य उपचार म्हणून तिची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, हा निष्कर्ष. २०१७ च्या एका अभ्यासात अमेरिकेतील १९ रेशी उत्पादने तपासली. लेबलाशी जुळणारी निघाली फक्त ५.

७/ अळिंबी निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. तिच्यातील द्रव्यांवर संशोधन अवश्य व्हावे. पण प्राचीनता म्हणजे पुरावा नव्हे. एखादी समजूत किती जुनी आहे हे इतिहास सांगतो. ती खरी आहे की नाही हे चाचणीच ठरवते.

८/ सम्राटाच्या भाबडेपणाची किंमत त्याच्या खजिन्याने मोजली. आज ती मोजतो तो दुर्धर आजाराने घाबरलेला रुग्ण: पैशाने, आणि उपचार लांबवले तर आयुष्याने. परंपरेचा आदरच करायचा असेल, तर वांग जिनच्या नव्हे, ली शिझेनच्या परंपरेचा करू या.